नरक्याच्या लाकडाला एवढा भाव का?

कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडच्या बातम्यांत अधूनमधून एक ओळ दिसते: नरक्याचे लाकूड जप्त. चंदनाची, खैराची चोरी कळते. पण नरक्या? ना वाशाला चालतो, ना फर्निचरला. आणि सुगंधाचं तर नावच काढू नका.

सह्याद्रीच्या सदाहरित जंगलात, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं हे लहानसं झाड. उंची बहुधा तीन ते आठ मीटर. साल करडी, खडबडीत. कोवळ्या फांद्यांवर गळलेल्या पानांचे वण ठळक दिसतात. पानं एकाआड एक, पण फांदीच्या टोकाशी गर्दी करणारी, आणि बुडाशी बहुधा किंचित तिरपी, म्हणजे देठाच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. फुलं बारीक, पिवळसर पांढरी, झुबक्यांनी येतात आणि त्यांना घाण वास येतो. फळं लांबट, आत एकच बी. पिकताना लाल होऊन पुढे काळपट जांभळी पडतात. महाबळेश्वर, आंबोलीपासून दक्षिणेकडे घाटभर हे झाड आहे. श्रीलंकेत आणि ईशान्य भारतातही आहे.

वासाने त्याच्या नावाचाही पिच्छा पुरवला. १८३९ साली मुंबई परिसरातल्या वनस्पतींची जॉन ग्रॅहम यांची यादी छापली गेली. छपाई चालू असतानाच ग्रॅहम खंडाळ्याला वारले आणि उरलेलं काम जोसेफ निम्मो यांनी पुरं केलं. या निम्मोंचंच नाव यादीत या झाडाला दिलेलं आहे, फक्त ते घातलं होतं भलत्याच प्रजातीत, प्रेम्नामध्ये. पुढे रॉबर्ट वाइट यांनी त्याला ‘फेटिडस’, म्हणजे दुर्गंधी, असं विशेषण लावलं. ‘मॅपिया फेटिडा’ हे नाव मग बराच काळ चाललं. १९८० मध्ये मॅबर्ली यांनी जुनं निम्मोंचं नाव योग्य प्रजातीत आणलं आणि आजचं ‘नोथापोडायटीस निम्मोनियाना’ झालं. आपल्या लोकांनी नरक्या म्हणून वाइटांच्याच बाजूने मत दिलंय, असं म्हणायला हरकत नाही.

इथवर हे झाड वनस्पतीशास्त्रज्ञांपुरतंच होतं. कलाटणी मिळाली अमेरिकेत, तीही एका चिनी झाडामुळे. मन्रो वॉल आणि मनसुख वाणी (हे मूळचे आपल्या नंदुरबारचे) या रसायनशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये कॅम्प्टोथेका या झाडातून मिळालेल्या कॅम्प्टोथेसिन या कर्करोगविरोधी द्रव्याची रचना जाहीर केली. सहा वर्षांनी, १९७२ मध्ये, गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य नरक्यात सापडलं. गोविंदाचारी तेव्हा गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे प्रमुख होते. चिनी झाड आणि आपलं झाड एका कुळातली नाहीत, तरी रसायन एकच, हे मला या सगळ्यातलं सर्वांत नवलाचं वाटतं.

त्या वेळी मात्र औषध फसलं. द्रव्य पाण्यात विरघळेना. विरघळणारं क्षाररूप दिलं तर मूत्राशयाला, आतड्याला इजा व्हायची. सत्तरच्या दशकात चाचण्या थांबल्या. १९८५ मध्ये त्याचं काम कळलं. पेशी विभागताना डीएनएचा पीळ सोडवायला टोपोआयसोमरेज-१ हे विकर (एन्झाइम) एक धागा कापतं आणि पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या कापाशी अडकतं, जोड लागत नाही, पेशी मरते. मग त्यात फेरफार करून टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधं बनली. दोन्हींना १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

ही औषधं करायलाही सुरुवातीचा कच्चा माल झाडातूनच येत राहिला, आणि नरक्याच्या लाकडात हे द्रव्य वजनाच्या एक टक्काही नसतं. थोड्याशा द्रव्यासाठी लाकूड ढीगभर लागतं. त्यात झाड एवढं बारीक की फांदी-दोन फांद्यांनी वजन भरत नाही. मुळांतही द्रव्य असतं, म्हणून काही ठिकाणी ते मुळासकट उपटतात.