पुरवण्या जोडल्या की गुण वाढतात?

दहावीच्या वर्गात हा समज पिढ्यानपिढ्या चालत आलाय: परीक्षक उत्तर वितीने मोजतो, म्हणून पानं भरा, पुरवणी घ्या. तसं अजिबात नसतं. तपासणाऱ्यासमोर नमुना उत्तरं असतात आणि कोणत्या मुद्द्याला किती गुण हे ठरलेलं असतं.

विज्ञानात तीन गुणांना निकटदृष्टिता (दूरचं धूसर दिसण्याचा दोष) विचारली, तर काय हवं? प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे तयार होते. नेत्रगोल लांबट होतो किंवा भिंगाची अभिसारी शक्ती (किरण एकत्र आणण्याची क्षमता) जास्त राहते. उपाय, योग्य शक्तीचं अंतर्गोल भिंग. आकृती मागितली असेल तर नावांसकट. एवढं सात-आठ ओळींत बसतं. त्याआधी डोळ्याची रचना पानभर लिहिली, तर तिला गुण नाहीत. उलट खरा मुद्दा त्या गर्दीत नजरेआड होऊ शकतो.

वेळेचा हिशेबही बघा. विज्ञानाच्या प्रत्येक भागाला 40 गुण आणि 2 तास, म्हणजे एका गुणाला जेमतेम 3 मिनिटं. पसरट उत्तरांपायी शेवटचा पाच गुणांचा प्रश्न लिहायचाच राहून जातो, आणि मुलं हकनाक गुण गमावतात याचं फार वाईट वाटतं.

भाषेच्या पेपरात निबंधाची शब्दमर्यादा प्रश्नातच दिलेली असते. तीच पाळा.