नेइग्वान

नेइग्वान : पारंपरिक चिनी वैद्यकातील, मनगटाच्या आतल्या बाजूचा एक दाबबिंदू. हृदयावरण वाहिनी या प्राणशक्तीच्या मानलेल्या मार्गावरच्या नऊ बिंदूंपैकी हा सहावा, म्हणून आंतरराष्ट्रीय परिभाषेत त्याला ‘पीसी-६’ (पीसी म्हणजे पेरिकार्डियम, हृदयावरण) म्हणतात. मळमळ, ओकारी, गाडी किंवा बोट लागणे, छातीत धडधडणे आणि जीव घाबराघुबरा होणे या तक्रारींवर तो वापरला जातो. सुई टोचण्याचे (ॲक्युपंक्चरचे) काम प्रशिक्षित चिकित्सकाचे असले, तरी अंगठ्याने दाबण्यासाठी हा बिंदू कोणालाही सहज हाताशी मिळतो. त्यामुळे घरगुती स्वोपचारात त्याचा वापर फार मोठा आहे.

जागा : चुकण्याची शक्यता सर्वांत जास्त इथेच असते, म्हणून हे सावकाश पाहिले पाहिजे. तळवा वर करून हात पुढे धरावा. मनगटाची जी ठळक आडवी घडी दिसते, तिला लागून कोपराच्या दिशेने दुसऱ्या हाताची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका अशी तीन बोटे आडवी, एकमेकांना चिकटून ठेवावीत. तिसऱ्या बोटाची कड जिथे संपते, तिथे हाताच्या मधोमध दोन कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) खाचेत नेइग्वान असतो. कंडरा दिसत नसतील तर मूठ आवळून मनगट किंचित आत वाकवावे, म्हणजे त्या दोरीसारख्या वर येतात. काही माणसांच्या हातात यातली करंगळीकडची कंडरा जन्मतःच नसते. यात काळजीचे काही नाही. अशा वेळी अंगठ्याकडची कंडरा शोधून तिच्या करंगळीकडच्या बाजूला लगटून दाबावे.

चिनी वैद्यकात हे अंतर दोन ‘त्सुन’ आहे. त्सुन हे ठरलेल्या लांबीचे माप नव्हे. ज्याचे शरीर, त्याचे माप. कोपराच्या घडीपासून मनगटाच्या घडीपर्यंत बारा त्सुन धरतात, म्हणजे हा बिंदू मनगटापासून एक षष्ठांश अंतरावर येतो. आईने आपली तीन बोटे चार वर्षांच्या मुलाच्या मनगटावर ठेवली तर जागा कोपराकडे बरीच पुढे सरकते आणि दाब भलतीकडेच पडतो. मुलाचा बिंदू मुलाच्याच बोटांनी मोजावा.

नाव आणि परंपरा : चिनी भाषेत ‘नेइ’ म्हणजे आतला आणि ‘ग्वान’ म्हणजे नाका किंवा खिंडीतले द्वार. हाताच्या मागच्या बाजूला, जवळजवळ समोरासमोर, ‘वायग्वान’ म्हणजे बाहेरचा नाका आहे. ‘हुआंगदी नेइजिंग’ या प्राचीन ग्रंथाच्या ‘लिंगशू’ भागात, वाहिन्यांच्या प्रकरणात नेइग्वानचा उल्लेख येतो. मनगटापासून दोन त्सुन, दोन कंडरांच्या मधून निघणारा, अशी जागा तिथे सांगितली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पश्चिम पॅसिफिक विभागाने २००८ मध्ये ३६१ बिंदूंच्या प्रमाण जागा प्रसिद्ध केल्या, त्यातही नेइग्वान तिथेच आहे. इतक्या शतकांत वर्णन न हलणे ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

शरीरातील ‘छी’ ही प्राणशक्ती वाहिन्यांतून फिरते, अशी या वैद्यकाची मूळ धारणा आहे. जठरातल्या छीने खाली जायचे असते. ती उलटून वर चढली की मळमळते, उचकी लागते, उलटी होते. नेइग्वान हा उलटा ओघ खाली वळवतो आणि छाती मोकळी करतो, असे मानतात. हृदयावरण वाहिनी छातीत सुरू होऊन हाताच्या आतल्या बाजूने मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जाते, म्हणून मनगटावरच्या बिंदूचा छातीशी संबंध जोडला गेला. शरीरविच्छेदनात या वाहिन्यांशी जुळणारी रचना सापडलेली नाही. बिंदूच्या खाली मध्यवर्ती चेता, म्हणजे मनगटातून तळव्याकडे जाणारा मज्जातंतू, मात्र नक्की आहे, आणि परिणामाची आधुनिक स्पष्टीकरणे बहुधा तिच्यापासून सुरू होतात.

दाबण्याची रीत : चिनी मालिशीत या क्रियेला ‘आनरौ’ म्हणतात, म्हणजे दाबणे आणि मळणे एकत्र. अंगठ्याचे पेर बिंदूवर टेकवून, उरलेली बोटे मनगटाच्या मागे आधाराला ठेवावीत. हळूहळू दाब वाढवावा आणि बोट कातडीवर न घसरवता बारीक वर्तुळात फिरवावे. दोन-तीन मिनिटे पुरतात, मग दुसरा हात घ्यावा. जागा बरोबर असेल तर आत बोथट ठणका, जडपणा किंवा किंचित बधिरपणा जाणवतो, कधी तो तळव्याकडे उतरतो. चिनी वैद्य याला ‘दछी’, म्हणजे छी हाती लागणे, म्हणतात. बोटांत वीज चमकल्यासारखी कळ आली तर दाब जास्त झाला आहे, तो लगेच सैल करावा. गाडी लागणाऱ्यांनी घाट सुरू होण्याच्या आधीपासून दाबायला लागावे. तोंडाला पाणी सुटून उमासे यायला लागल्यावर एका हाताने पिशवी धरायची की बिंदू शोधायचा, असे होऊन बसते. प्लॅस्टिकची गुंडी बसवलेले लवचिक मनगटपट्टेही मिळतात. ते उपयोगी आहेत, पण गुंडी खाचेवरच बसली पाहिजे. पट्टा मनगटाच्या घडीवर घड्याळासारखा बांधला तर त्याचा काही उपयोग नाही.

संशोधन : सगळ्या दाबबिंदूंमध्ये नेइग्वान हा सर्वाधिक तपासल्या गेलेल्या बिंदूंपैकी आहे. १९८० च्या दशकात बेलफास्ट येथील भूलतज्ज्ञ जॉन डंडी यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांवर त्याचे प्रयोग केले. १९८८ मध्ये त्यांच्या गटाने गरोदरपणाच्या सुरुवातीच्या मळमळीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात काही स्त्रियांना खरा बिंदू आणि काहींना कोपराजवळची खोटी जागा दाबायला सांगितली होती. आराम दोन्ही गटांना पडला, खऱ्या बिंदूच्या गटाला अधिक. या एका निकालात विषयाची सगळी गुंतागुंत आली आहे, कारण स्वतःची काळजी घेण्याच्या कृतीनेही बरे वाटते आणि तो भाग वेगळा काढणे अवघड असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञगटाने १९९७ मध्ये शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीनंतरच्या मळमळीवर ॲक्युपंक्चर परिणामकारक असल्याचे मत दिले. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात नेइग्वानवरील ५९ चाचण्या आणि ७,६६७ सहभागी होते. खोट्या उपचारापेक्षा बिंदूचा फायदा दिसला, पण त्या पुराव्याचा दर्जा कमी ठरला. उलटीविरोधी औषधांशी तुलना केल्यावर फारसा फरक आढळला नाही. प्रवासातल्या मळमळीबाबत निकाल संमिश्र आहेत. निद्रानाश, चिंता, हृदयविकार यांवरचे दावे मळमळीवरच्या दाव्यांइतके भक्कम नाहीत, आणि दुकानांतल्या तक्त्यांवर ते सगळे एकाच रांगेत छापलेले असतात, हे योग्य नाही.

भारतात : १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते १९४२ मध्ये तिथेच वारले. त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून घेतले आणि कोलकात्यात ते सुरू केले. भारतातील ॲक्युपंक्चरची सुरुवात बहुधा तिथूनच मोजतात. कोटणिसांचे स्मरण ठेवणाऱ्या महाराष्ट्राला या विद्येचा हा धागा जवळचा वाटावा.

काय टाळावे : जखम, सूज, पुरळ किंवा सलाइनची सुई असलेल्या हातावर दाबू नये. मनगटातील चेता दबून बोटांना मुंग्या येत असतील तर हा बिंदू सोडून द्यावा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी हलका दाब द्यावा, नाहीतर काळेनिळे डाग पडतात. घरी सुई टोचण्याचा प्रयोग कधीही करू नये, खाली चेता आहे. गरोदरपणात नेइग्वान दाबायला हरकत मानत नाहीत. मात्र अंगठा आणि तर्जनीमधला ‘हगू’ हा बिंदू परंपरेने त्या काळात वर्ज्य आहे, आणि माहितीपत्रकांत हे दोन्ही बिंदू शेजारी-शेजारी दाखवलेले असतात. पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी झाली असेल, तर गरोदर स्त्रीला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. छातीच्या दुखण्यासाठी या बिंदूची जुनी ख्याती आहे, आणि म्हणूनच तिथे सर्वांत जास्त सावध राहिले पाहिजे. छातीवर दडपण, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात उतरणारी कळ असे काही असेल तर मनगट दाबत बसू नये. आधी १०८ ला फोन करावा.