बॅकवरून झालेला कल्ला: अँड्रॉइड क्यू बीटाच्या जेश्चरची पार्श्वभूमी

७ मे २०१९ ला गूगलने आपल्या आयओ परिषदेत अँड्रॉइड क्यूचा (पुढे हेच अँड्रॉइड १०) तिसरा बीटा, म्हणजे चाचणीसाठीची कच्ची आवृत्ती, सोडला आणि त्यात स्क्रीनखालची तिन्ही बटणं घालवून पूर्ण जेश्चरवर, म्हणजे नुसत्या बोट सरकवण्यावर, फोन चालवायची सोय दिली. होमला जायचं तर खालून वर स्वाइप, रिसेंट, म्हणजे नुकतीच वापरलेली ॲप्स, बघायचं तर वर नेऊन जरा थांबायचं, आणि बॅकसाठी डाव्या किंवा उजव्या कडेवरून बोट आत ओढायचं. होम आणि रिसेंटवर फार कोणी तक्रार केली नाही, शिव्या पडल्या त्या सगळ्या बॅकला. ॲपचा डावीकडचा मेन्यू उघडायला बोट ओढलं की मेन्यू राहिला बाजूला, ॲपच बंद. फोटो क्रॉप करायला कडेचा कोपरा धरला की थेट मागच्या स्क्रीनवर. असं चारदा झालं की माणूस वैतागून सेटिंगमध्ये जातो आणि परत तीन बटणं लावून मोकळा होतो. त्याच वेळी असेही भरपूर लोक होते की ज्यांनी दोन दिवस दम धरला आणि मग म्हणाले, आता बटणं नकोतच. माझ्या मते दोन्ही बाजू खरंच बोलत होत्या, आणि ते कसं हे कळायला तिथून आणखी दहा-अकरा वर्षं मागे जावं लागतं.

अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ चा, एचटीसी ड्रीम, अमेरिकेत टी-मोबाइल जी१ नावाने विकला गेला. त्याला खाली खरीखुरी दाबायची बटणं होती, फोन उचलायचं, ठेवायचं, होम, बॅक, शिवाय मेन्यूचं वेगळं, आणि मधोमध ट्रॅकबॉल. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या आयफोनला पुढच्या बाजूला एकच बटण होतं. हा फरक नुसता दिसण्याचा नव्हता. आयफोनमध्ये मागे जाणं हे ज्या त्या ॲपचं काम, वर डाव्या कोपऱ्यात बाण असेल तर तो दाबायचा. अँड्रॉइडने मात्र बॅक हे काम सिस्टिमकडेच ठेवलं, त्यामुळे व्हॉट्सॲपमधली लिंक दाबून ब्राउझरमध्ये गेलात तरी त्याच एका बटणाने परत व्हॉट्सॲपमध्ये येता येतं, कीबोर्ड खाली घालवायचा तरी तेच बटण, मध्येच आलेली खिडकी बंद करायची तरी तेच, आणि काहीच सुचत नसेल तर बॅक बॅक बॅक करत बाहेर पडायचं ही तर आपल्या सगळ्यांची सवय. गूगलने पुढे २०१९ मध्ये स्वतःच सांगितलं की त्यांच्या पाहणीत बॅकचा वापर होमपेक्षाही ५० टक्के जास्त निघाला. म्हणजे फोनमधलं सगळ्यात जास्त वापराचं बटण काढून त्याजागी एक अदृश्य कड द्यायची, असा तो प्रकार होता.

आता जेश्चरची कल्पना गूगलची की ॲपलची यावर लोक अजून भांडतात. खरं तर दोघांचीही नाही. पाम कंपनीने जानेवारी २००९ मध्ये वेबओएस ही स्वतःची सिस्टिम आणि तिच्यावर चालणारा पाम प्री हा फोन दाखवला, त्यात स्क्रीनच्या खाली एक वेगळी पट्टी होती, तिच्यावर उजवीकडून डावीकडे बोट फिरवलं की बॅक, वर सरकवलं की उघडलेली ॲप्स कार्डांसारखी समोर. (रिसेंटमध्ये आज जी कार्डं दिसतात ती बघून पामवाले काय म्हणत असतील कोण जाणे.) त्याआधीही स्वीडनच्या नीओनोड कंपनीने स्वाइपवर चालणारा छोटासा फोन काढला होता, इतका आधी की २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या कोर्टात ॲपलच्या स्लाइड टू अनलॉकच्या पेटंटविरुद्ध तो फोन पुरावा म्हणून पुढे आला.

पाममधली गंमत पुढे आहे. वेबओएसच्या डिझाइनचं काम बघणारा मातियास दुआर्ते २०१० मध्ये गूगलमध्ये गेला आणि त्याच्याच देखरेखीखाली २०११ मध्ये टॅबलेटसाठी हनीकोम्ब ही अँड्रॉइडची आवृत्ती आली, ज्यात बॅक, होम आणि रिसेंट ही बटणं पहिल्यांदा स्क्रीनच्या आत आली. त्याच वर्षाच्या शेवटी गॅलेक्सी नेक्ससबरोबर ती फोनवरही आली. जेश्चरवाल्या सिस्टिममधून आलेल्या माणसाने आपल्याला बटणं दिली, आणि ती इतकी पक्की बसली की पुढची सात-आठ वर्षं त्याला कोणी हात लावायला धजलं नाही.

मधल्या काळात इतरांनी प्रयत्न केले. नोकियाचा एन९ जून २०११ मध्ये जाहीर झाला, पुढे एकही बटण नाही, कुठल्याही कडेवरून स्वाइप केलं की ॲपमधून बाहेर. ज्यांनी वापरला ते अजून त्याचं नाव काढतात. पण नोकियाने त्याआधीच, फेब्रुवारीत, विंडोज फोनची वाट धरल्याचं सांगून टाकलेलं, त्यामुळे तो फोन जन्मतःच पोरका. ब्लॅकबेरी १० आली २०१३ च्या जानेवारीत, तीही खालून वर स्वाइप करण्यावर चालणारी, चांगली होती, पण ॲप्स नव्हती. हे फोन जेश्चरमुळे पडले नाहीत, पण जेश्चरवाले फोन पडतात असा समज मात्र झाला.

आता मुख्य मुद्दा, जो बीटाच्या गदारोळात फार कमी लोकांनी काढला. २०१३ मध्ये गूगलनेच ॲप बनवणाऱ्यांना नेव्हिगेशन ड्रॉवर दिला, म्हणजे तीन रेघांवर टॅप केलं किंवा डाव्या कडेवरून बोट ओढलं की सरकत बाहेर येणारा मेन्यू. जीमेल, प्ले स्टोअर, मॅप्स, सगळीकडे तो आला, २०१४ मध्ये गूगलने ॲप कशी दिसावीत याचे मटेरियल डिझाइन नावाचे नियम काढले, त्यानंतर तर गल्लीतल्या ॲपमध्येही आला. म्हणजे डावी कड गूगलने ॲपवाल्यांच्या नावावर करून दिली होती, आणि सहा वर्षांनी बॅकसाठी तीच परत मागितली, पुढची खोली भाड्याने द्यायची आणि भाडेकरू स्थिरस्थावर झाला की आपलाच पलंग आणून तिथे टाकायचा, तसं. भांडण होणारच होतं. त्याच २०१३ मध्ये ॲपलने आयओएस ७ मध्ये डाव्या कडेवरून स्वाइप करून मागे जायची सोय आणली, पण ती ॲपच्या आतली आणि फक्त डावीकडची, त्यामुळे तिथे एवढी मारामारी झाली नाही.

मग १२ सप्टेंबर २०१७ ला आयफोन एक्स जाहीर झाला, होम बटण गेलं, खाली एक बारीक रेघ राहिली, आणि सगळ्यांची पळापळ सुरू झाली. २०१८ मध्ये जो तो आपापलं जेश्चर घेऊन आला. शाओमीच्या एमआययूआयमध्ये दोन्ही कडांवरून आत ओढलं की बॅक, वनप्लसमध्ये खालच्या डाव्या-उजव्या बाजूने वर ओढलं की बॅक, सॅमसंगच्या वन यूआयमध्ये जिथे बटण होतं तिथूनच वर ओढायचं, म्हणजे बटण गेलं तरी त्याची जागा पाठच. एका घरात तीन कंपन्यांचे फोन असले तर तीन तऱ्हा. त्यात ऑगस्ट २०१८ ला आपल्याकडे आलेला पोको एफ१ ज्यांनी घेतला त्यांना कडेवरून बॅक करायची सवय क्यूच्या बीटाआधीच लागलेली, म्हणून नंतर गूगलने तेच दाखवलं तेव्हा आपल्याकडच्या शाओमीवाल्यांची पहिली प्रतिक्रिया ‘यात नवीन काय’ अशी होती. त्यांचं बरोबरच होतं.

गूगलचा स्वतःचा पहिला प्रयत्न मात्र वेगळाच होता. मे २०१८ च्या आयओमध्ये अँड्रॉइड पीच्या बीटात त्यांनी मधोमध एक गोळी दिली. ती थोडी वर ओढली की रिसेंट, जास्त ओढली की सगळ्या ॲप्सची यादी, उजवीकडे सरकवली की आधीचं ॲप. आणि बॅक? ते बटण तसंच डावीकडे, फक्त होम स्क्रीनवर गायब व्हायचं. लोक म्हणाले की बटणच ठेवायचं होतं तर हा खटाटोप कशाला, शिवाय खालची पट्टी होती तेवढीच उंच, ४८ डीपीची (डीपी हे अँड्रॉइडचं स्क्रीन मोजायचं माप), म्हणजे स्क्रीनची जागा एक रेघभरही वाचली नाही. हा आक्षेप मला अजूनही शंभर टक्के पटतो. त्यावर कळस म्हणजे ऑक्टोबर २०१८ चा गूगलचा स्वतःचा फोन पिक्सेल ३, त्यात गोळी सोडून दुसरा पर्यायच नव्हता, तीन बटणांची सोय बंद.

या सगळ्यानंतर क्यूचा बीटा आला. पहिला मार्च २०१९ मध्ये, दुसरा एप्रिलमध्ये, आणि मेमधल्या तिसऱ्यात पूर्ण जेश्चर. हा बीटा फक्त पिक्सेलपुरता नव्हता, वनप्लस ६टी, नोकिया ८.१, रिअलमी ३ प्रो असे आपल्याकडे विकले जाणारे फोनही यादीत होते, त्यामुळे या वेळी मतं फक्त अमेरिकेतल्या पिक्सेलवाल्यांची राहिली नाहीत. उजवीकडूनही बॅक का, तर मोठा फोन एका हातात धरला की अंगठा पलीकडच्या कडेपर्यंत पोचत नाही, आणि डावखुऱ्या माणसाचं नेमकं उलटं. हे कारण बरोबर होतं, पण त्याने कडांवरचा वाद दुप्पट झाला. ज्या ॲपमध्ये फोटो डावी-उजवीकडे सरकवायचे तिथे गोंधळ, गेम खेळणाऱ्यांचा गोंधळ, आणि वर जाड रबरी कव्हर आणि कडेला उचललेली टेम्पर्ड ग्लास असली तर बोट काठापर्यंत जातच नाही, मग बॅक होतच नाही किंवा नको तेव्हा होतं.

गूगलने तक्रारी ऐकल्या हे मान्य करायला हवं, आणि बीटाचा खरा उपयोग इथे दिसतो. जुलैमधल्या पाचव्या बीटात ड्रॉवरसाठी एक तडजोड आली: कडेवर बोट जरा टेकवून ठेवायचं, मेन्यू थोडासा डोकावतो, मग ओढायचा. ऐकायला ठीक, पण हे कोणी सांगितल्याशिवाय कळणार कसं, असा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. गूगलचं उत्तर असं की मुळात ड्रॉवर स्वाइप करून उघडणारे ॲपनुसार फक्त ३ ते ७ टक्के लोक, बाकीचे तीन रेघांवरच टॅप करतात. आकडा छोटा वाटतो, पण बीटा टाकून घेणारे बहुतेक त्याच ३ ते ७ टक्क्यांतले, म्हणून आवाज एवढा मोठा आला असं मला वाटतं.

ॲपवाल्यांसाठीही सोय केली, की स्क्रीनचा ठरावीक तुकडा आम्हाला द्या, तिथे बॅक चालवू नका असं ॲप सिस्टिमला सांगू शकतं. पण सगळ्यांनीच अख्खी कड मागितली तर बॅक कुठेच चालणार नाही, म्हणून ऑगस्टच्या सहाव्या बीटात प्रत्येक कडेला २०० डीपीची मर्यादा घातली, म्हणजे उंचीत साधारण सव्वा इंच, त्याहून जास्त नाही. त्याच बीटात बॅक किती हलक्या हाताने लागावं हे ठरवायची सेटिंग आली. कस्टम लाँचर, म्हणजे होम स्क्रीन दाखवणारं बाहेरचं ॲप, वापरणाऱ्यांचं दुखणं मात्र राहिलंच, कारण अँड्रॉइड पीपासून (त्याचं नाव पुढे ‘पाय’ झालं) रिसेंटची स्क्रीन फोनच्या मूळ लाँचरच्या आतच बांधलेली, बाहेरचा लाँचर टाकला की जेश्चर अडखळायचे. त्यांना सध्या तीन बटणांवर राहा, नंतरच्या अपडेटमध्ये बघू असं सांगितलं, आणि ज्यांनी वर्षानुवर्षं आपली होम स्क्रीन सजवलेली ते चांगलेच भडकले. अँड्रॉइडवर राहायचं कारणच मुळी हे, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं.

३ सप्टेंबर २०१९ ला पक्की आवृत्ती आली, अँड्रॉइड १० नावाने. (आधीच्या आवृत्त्यांसारखं मिठाईचं नाव मिळालंच नाही, क्यूवरून काय सुचणार म्हणा.) जेश्चर आले तसे तीन बटणंही राहिली, पिक्सेल ३ वाल्यांना तर ती परत मिळाली. गूगलचं कारण असं की हाताच्या हालचालीला मर्यादा असलेल्यांना बटणं लागतातच. ते खरं आहेच, पण त्याशिवायही घरोघरी आई-बाबांच्या फोनवर बटणंच असतात, कारण फोनवरून समजावताना ‘खाली डावीकडचा त्रिकोण दाब’ असं सांगता येतं, ‘कडेवरून आत ओढ, पण फार हळू नको’ हे सांगून बघा. जेश्चरची सवय व्हायला एक ते तीन दिवस लागतात असं गूगलने म्हटलं होतं, माझ्या पाहण्यात ते तरुणांच्या बाबतीत बरोबर आहे आणि साठीपुढच्यांच्या बाबतीत नाही.

पुढचं थोडक्यात. अँड्रॉइड ११ मध्ये डाव्या आणि उजव्या कडेची सेटिंग वेगवेगळी करता आली, म्हणजे उजव्या हाताने वापरणारा डावी कड ॲपसाठी बरीचशी मोकळी ठेवू शकतो. बॅक केल्यावर आपण नक्की कुठे जाणार हे आधीच दिसावं, ही मागणी बीटापासूनची, त्यावर २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ बरोबर काम सुरू झालं, बोट अर्धवट ओढलं की मागची स्क्रीन डोकावते, नको असेल तर सोडून द्यायचं. ते ॲप्सपर्यंत पोचायला अँड्रॉइड १५ उजाडलं, आणि २०२५ च्या अँड्रॉइड १६ मध्ये तीच सोय तीन बटणांनाही दिली, बॅकचं बटण दाबून धरलं की मागे काय आहे ते दिसतं. जे बटण २०१९ मध्ये जाणार जाणार म्हणत होते, त्याच्यासाठी सहा वर्षांनी नवीन फीचर बनवावं लागलं.