वीर्यात बॅक्टेरिया निघाले, मग? थोडा इतिहास

सिमेन कल्चरच्या (वीर्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीच्या) रिपोर्टवर 'ई. कोलाय' हा आतड्यातला बॅक्टेरिया दिसला की नवराबायकोचं धाबंच दणाणतं, मूल होत नाही ते ह्याच्यामुळेच असं घरात सगळे धरून चालतात. पण हा घोळ आजचा नाही, जवळजवळ साडेतीनशे वर्षांचा आहे.

१६७७ ला हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात योहान हाम नावाचा विद्यार्थी परमा (गोनोरिया, संबंधांतून पसरणारा रोग) झालेल्या माणसाचं वीर्य काचेच्या बाटलीत घालून स्वतः भिंगं घडवून सूक्ष्म जीव बघणाऱ्या लेवेनहूककडे आला, त्यात शेपटीवाले जीव वळवळत होते आणि हामचं म्हणणं की रोगाने वीर्य सडलं म्हणून हे झालेत. लेवेनहूकने मग स्वतःचं वीर्य, बाहेर आल्यावर नाडीचे सहा ठोके पडायच्या आत, भिंगाखाली धरलं, तर तेच जीव! म्हणजे शुक्राणूंची पहिली ओळखच रोगाची म्हणून झाली बघा. १८२७ ला फॉन बेअर ह्या शास्त्रज्ञाने त्यांना स्पर्मॅटोझोआ नाव दिलं, तोही त्यांना परजीवीच समजत होता.

परम्याचा खरा जंतू सापडला १८७९ ला, नाइसर ह्या जर्मन डॉक्टरला. हा जंतू शुक्राणू साठतात त्या नळीला सूज आणू शकतो, दोन्हीकडे वण राहून वाट बुजली तर वृषणात शुक्राणू बनत असूनही वीर्यात एकही उतरत नाही. सल्फा औषधं आणि मग पेनिसिलिन येईपर्यंत ह्यावर धड औषध नव्हतं, आणि वांझ म्हणून बोल लागायचा तो बायकोलाच, हे मला फार लागतं.

१९७२ ला स्वीडनमधल्या ग्नार्पे आणि फ्रिबर्ग ह्या संशोधकांनी मूल न होणाऱ्या जोडप्यांत युरियाप्लाझ्मा नावाचा बॅक्टेरिया जास्त सापडतो असं मांडलं, पण पुढे तो मुलंबाळं असलेल्या पुरुषांतही निघाला. डीएनए सिक्वेन्सिंग (डीएनए वाचून जंतू ओळखायची पद्धत) आल्यावर तर कळलं की निरोगी माणसाच्या वीर्यातही बॅक्टेरिया असतातच, काही मूत्रमार्गातले, काही कातडीवरून सँपलमध्ये आलेले. म्हणून सँपलच्या आधी लघवी करून हात नि लिंग स्वच्छ धुवायला सांगतात, ते खरंच करा. ई. कोलाय लॅबमध्ये शुक्राणूंना चिकटून त्यांचे गठ्ठे करतो हे खरं, पण कल्चरमध्ये तो थोडासा उगवला म्हणजे नुकसान झालंच असं नाही.

पस सेल्सचंही (रिपोर्टवरच्या पांढऱ्या रक्तपेशींचं) तसंच, मिलिलिटरला दहा लाखांच्या वर असतील तर इन्फेक्शनचा संशय घेतात, पण साध्या मायक्रोस्कोपखाली अर्धवट वाढलेल्या शुक्राणूपेशीही तशाच गोल दिसतात आणि पस सेल्स म्हणून मोजल्या जातात, पेरॉक्सिडेज स्टेनसारखी, पस सेल्स वेगळ्या रंगवून दाखवणारी तपासणी केली तरच फरक कळतो. अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी ती केलीय का, हे डॉक्टरांना विचारा.