मनाच्या आजाराचा खर्च कुणी उचलायचा? कोल्हापूरची पार्श्वभूमी

महिन्यातून एकदा माझी मामी मामाला घेऊन कागल तालुक्यातल्या आमच्या आजोळाहून कोल्हापूरला येते. पहाटे धारा काढायच्या, दूध डेअरीला घालायचं, मग स्टँड गाठायचा. दवाखान्यात केसपेपर काढून नंबर लावायचा. डॉक्टर झोप, भूक, हाताची थरथर विचारतात, महिनाभराच्या गोळ्या लिहून देतात. संध्याकाळच्या धारेआधी घरी पोचायचं असतं. दोघांचा त्या दिवशीचा रोजगार बुडतो. हा खर्च कोणत्याच बिलात दिसत नाही, आणि मनाच्या आजारात खरा खर्च हाच असतो. त्याचा भार घरावरच का पडला, हे समजून घ्यायचं तर बरंच मागं जावं लागतं.

कोल्हापुरात सुरुवात थेट राजवाड्यापासून होते. १८७१ साली दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज विशीत येईपर्यंत त्यांच्या मानसिक स्थितीवरून संस्थानात मोठा वाद पेटला होता. महाराज खरोखर आजारी आहेत, की छळानं त्यांची ही अवस्था केली गेली, असा प्रश्न लोक विचारत होते. दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर आरोप करणारी पत्रं टिळक-आगरकरांनी 'केसरी' आणि 'मराठा'त छापली. ती पत्रं बनावट निघाली आणि अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ साली दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. शाळेत आपण हा प्रसंग टिळक-आगरकरांच्या तुरुंगवासाचा म्हणून शिकतो. ज्यांच्यावरून तो घडला, त्या तरुण राजाचं पुढं काय झालं हे फारसं सांगितलं जात नाही. त्यांना अहमदनगरला पहाऱ्यात ठेवलं होतं. तिथं पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी वयाच्या विशीतच त्यांचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक आले ते राजर्षी शाहू महाराज.

मला या घटनेतलं एकच बोलायचं आहे. पैशाला तोटा नसलेल्या घरातल्या माणसाच्या वाट्यालासुद्धा त्या काळी उपचार म्हणून आला तो पहारा. सामान्य माणसासाठीचा कायदाही त्याच वळणाचा होता. १८५८ च्या आणि पुढं १९१२ च्या कायद्यानं माणसाला 'वेडा' ठरवून आत घालायचं काम मुख्यतः मॅजिस्ट्रेटकडं दिलं. पोलिस पकडून आणणार, डॉक्टर दाखला देणार, मॅजिस्ट्रेट हुकूम काढणार. खर्चाची तरतूदही त्यातच होती. आत असलेल्याच्या मालमत्तेतून किंवा त्याला पोसायची कायदेशीर जबाबदारी असलेल्या नातेवाइकाकडून पैसे वसूल करायचे, काहीच नसेल तर सरकारनं भरायचे. म्हणजे सरकार खर्च उचलत होतं, पण माणूस भिंतीआड असेल तरच. तो घरी राहून बरा होऊ पाहत असेल तर त्याच्यासाठी खर्चाचं कलमच नव्हतं.

महाराष्ट्रात सरकारी मनोरुग्णालयं चार : येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. रत्नागिरीचं १८८६ चं. पुण्याचा माणूस चिडवताना 'येरवड्याला पाठवा' म्हणतो, मुंबईचा 'ठाण्याला' म्हणतो, आणि आमच्याकडं 'ह्याला रत्नागिरीला न्यायला लागतंय.' मलकापूर, आंबा घाट उतरून सव्वाशे किलोमीटरच्या वरचा तो रस्ता. आजीच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींत रत्नागिरीला गेलेलं माणूस परत आल्याचं फारसं येत नसे. ते दरवेळी आत राहणाऱ्याच्या आजारामुळं नसावं. भेटायला जायचं म्हणजे दोन दिवस, गाडीभाडं, सोबत एक कर्ता माणूस, आणि मागं जनावरांचं कोण बघणार? एकदा गेले, दोनदा गेले, मग पत्र, मग पत्रही नाही. नातं तुटण्यामागं माया आटणं जितकं होतं तितकंच अंतर होतं, असं मला वाटतं. दक्षिणेकडच्या गावांना धारवाडचंही जुनं मनोरुग्णालय होतं. तो भाग तेव्हा मुंबई इलाख्यातलाच. पुढं राज्यांची सरहद्द मध्ये आली, तरी माणसं जातच राहिली.

पण या दोन्ही वाटांआधी लोक तिसऱ्याच वाटेनं जात, अजूनही जातात. 'बाहेरचं काय तरी हाय' असं कुणी म्हटलं की देवऋषी, उतारा, कोंबडं, अंगारा. नरसोबाच्या वाडीला बाधा झालेल्या माणसाला सेवेसाठी नेऊन ठेवायची रीत जुनी आहे. श्रद्धेनं काही दिवस देवळाच्या आवारात, नदीकाठी, घरच्यांच्या सोबतीत राहण्याला मी नावं ठेवणार नाही. घरच्या माणसांनाही त्या दिवसांत थोडा श्वास मिळतो. पण देवऋषाकडचा खर्च आणि मार हा वेगळा प्रकार आहे. गावात विचारलंत तर गोळ्यांवर किती गेले याचा हिशेब लोक देतात, देवऋषाला किती गेले ते सांगत नाहीत. तामिळनाडूत एरवाडी इथं ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका निवासात आग लागली आणि साखळीनं बांधलेले २८ मनोरुग्ण जागेवर जळून गेले. सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, तेव्हा देशाला या प्रश्नाची जाग आली. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडानं किंवा साखळीनं बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा ठरवला.

मधल्या काळात औषधं बदलली होती, आणि खर्चाचं स्वरूपच त्यामुळं पालटलं. १९५० च्या दशकात क्लोरप्रोमाझिन हे मनाच्या गंभीर आजारावरचं औषध आलं, त्यानंतर बऱ्याच रुग्णांना वर्षानुवर्षं आत ठेवायचं कारण उरलं नाही. सर्वसाधारण रुग्णालयात मानसोपचाराची सोय करण्याची सुरुवात आपल्याकडं त्याही आधी झाली होती. कलकत्त्यात १९३३ ला, मुंबईत जे. जे. रुग्णालयात १९३८ ला. कोल्हापुरात संस्थानकाळातलं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल पुढं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपलं सीपीआर झालं, आणि या शतकाच्या सुरुवातीला त्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली. 'वेड्यांच्या इस्पितळात' न जाता हाडाच्या, डोळ्याच्या पेशंटांच्या गर्दीतून मानसोपचार विभागात जाता येणं, ही लाज कमी करणारी केवढी मोठी गोष्ट आहे, हे मामीला विचारावं. शेजारीण भेटली तर 'बीपी दाखवायला आलोय' म्हणता येतं.

गोळ्या आल्या आणि खर्च एकरकमी न राहता दरमहाचा झाला. गावाकडं पैसा दरमहा येत नाही. दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं, ते पेंड, किराणा आणि सोसायटीत जातं. उसाचं बिल कारखान्याच्या मर्जीनं येतं. मग हातात पैसे नसलेल्या महिन्यात 'आता बरं वाटतंय की' म्हणून गोळ्या थांबतात, दोन-तीन महिन्यांनी आजार उलटतो, आणि मग ॲडमिट करावं लागतं. डॉक्टर याला औषध न पाळणं म्हणतात. मला यात बऱ्याचदा पैशाचं वेळापत्रक दिसतं. रिस्पेरिडोन, क्लोझापिन, लिथियम, इसिटालोप्रॅम ही मनाच्या आजारांवरची औषधं राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, किमतीवर नियंत्रण आहे. पण लिथियमला आणि क्लोझापिनला वरचेवर रक्त तपासावं लागतं. त्या तपासणीचे पैसे आणि पुन्हा एक खेप गोळीच्या किमतीत धरलेली नसते.

सरकारला हे कळलं नव्हतं असं नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालचा. उपचार गावापर्यंत न्यायचे, प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरला शिकवायचं, हा विचार कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात करून पाहिला गेला आणि १९९६ मध्ये देशभरातल्या फक्त चार जिल्ह्यांपासून जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. पुढं तो वाढत गेला. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली, तेव्हा प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी मानसिक आजार असल्याचं आढळलं. दारूच्या आजाराच्या शंभरातल्या ८६ जणांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. घरं महिन्याला हजार ते दीड हजार रुपये खर्च करत होती, तेही मुख्यतः उपचारांवर आणि प्रवासावर. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरी तो प्रवासाचा शब्द वाचताना मला कागल-कोल्हापूर एसटीच दिसली.

दारूची कथा मात्र वेगळ्या खात्यातून सुरू होते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं पिणं हा गुन्हा केला. ज्याला प्रकृतीसाठी दारू लागते त्यानं डॉक्टरच्या दाखल्यावर परवाना काढायचा. पुढं बंदी सैल होत गेली, परवाना कागदावर आजही आहे. व्यसन असं आधी पोलिसांच्या आणि उत्पादन शुल्क खात्याच्या दप्तरी गेलं, आरोग्याच्या दप्तरी फार उशिरा आलं. आमचा जिल्हा उसाचा, गुळाचा. कारखान्याच्या मळीपासून मद्यार्क बनतो, रानात गुळाची हातभट्टी पेटते, वर गोव्याची स्वस्त बाटली घाटातून चढते. कर सरकारला मिळाला. दारू सोडवायचा खर्च मात्र बायकांच्या डोरल्यातून आणि म्हशीच्या विक्रीतून आला.

ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दनं, म्हणजे ब्राउन शुगरनं, तरुण पोरं गिळायला सुरुवात केली, तेव्हा डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी एक लाख रुपये दिले होते. जागा मिळाली ती येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्याच आवारात. ज्या भिंतींआड माणसं कायमची जात, तिथं ३५ दिवसांनी घरी परत जायचं असतं असा उपचार रुजला, हे मला फार मोलाचं वाटतं. आमच्या शेजारी साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांनीच चालवलेल्या संघटनेच्या सभा तर फी घेतच नाहीत. झोळी फिरते, ज्याला जमेल त्यानं टाकावं.

पण गरज इतकी मोठी होती की याच्या भोवती बाजार उभा राहणारच होता. व्यसनांच्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसली तरी मदत मिळालेली, दाखल होऊन उपचार १८० जणांत एकाला. उरलेल्यांसाठी स्टँडच्या भिंतीवर 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा' अशी जाहिरात असते. अशा पुडीत काय असतं हे घेणाऱ्याला कळायचा मार्ग नसतो. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल आणि माणूस त्यावर प्याला, तर उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणं, क्वचित मृत्यूसुद्धा. ते औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनंच द्यायचं असतं.

मामाला आधी आम्ही एका खाजगी केंद्रात 'टाकलं' होतं. शब्द हाच वापरतात, आम्हीही वापरला. दोन महिन्यांची रक्कम आगाऊ घेतली, पावती दिली नाही, पंधरा दिवस भेटू दिलं नाही. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट येऊ शकते, माणूस भ्रमात जाऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. तेव्हा डॉक्टर आणि औषध जवळ लागतं. तिथं तिसऱ्या रात्री मामा भिंतीवरच्या मुंग्या झाडत बसला होता, हे आम्हाला त्यानंच नंतर सांगितलं. त्याला आधीपासून उदासीचा आजार होता, दारू त्यावर चढलेली, हेही पुढं सरकारी दवाखान्यात कळलं. तोवर एक म्हैस गेली होती.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यानं दारू आणि अंमली पदार्थांमुळं होणाऱ्या मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येतच घेतल्या. साखळी बंद, भूल न देता शॉक बंद, ठेवून घेणाऱ्या संस्थेला नोंदणी सक्तीची. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी संस्थेत मोफत उपचार. जिल्ह्यात ठरलेली सेवा सरकारनं दिली नसेल, तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडं घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारनं सोसायचा, असंही त्यात लिहिलं आहे. हे कलम ऐकलेला एकही माणूस मला आमच्या गावात भेटलेला नाही.

विम्याचं कलमही त्यातच आहे : शरीराच्या आजाराला जसा विमा, तसाच मनाच्या आजाराला. दिल्ली उच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये एका रुग्ण महिलेच्या बाजूनं निकाल देताना ते ठणकावून सांगितलं. पण विमा नियामकानं २०१९ मध्ये पॉलिसीत वगळता येणाऱ्या गोष्टींची जी प्रमाणित यादी काढली, तिच्यातलं बारावं कलम दारू, अंमली पदार्थ, कोणतंही व्यसन आणि त्याचे परिणाम यांवरचा उपचार वगळू देतं. कायदा ज्याला आजार म्हणतो, त्याला पॉलिसी वगळते. शिवाय बहुतेक पॉलिसी २४ तास दाखल झाल्याशिवाय पैसे देत नाहीत. म्हणजे दरमहाची तपासणी, समुपदेशन, गोळ्या हे सगळं बाहेरच. माणूस भिंतीआड गेला तरच पैसे, हा १९१२ चा हिशेब इथं अजून चालू आहे.

ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही फुकट सल्ला देतो. व्यसनासाठी १४४४६ आहे. मामीनं दोन्ही गोठ्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवलेत.

तिच्या हिशेबात एक रक्कम खरोखर कमी झाली, ती आरोग्य खात्यामुळं नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. पुढच्या खेपेला तिनं कंडक्टरला सांगितलं, "एक फुल्ल, एक हाफ," आणि उरलेल्या पैशांची मामासाठी स्टँडवरून केळी घेतली.