इन्फरन्स म्हणजे "बिटवीन द लाइन्स" वाचणं नव्हे

एलसॅटची (अमेरिकेतल्या लॉ स्कूल्सची प्रवेश परीक्षा) तयारी करणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो, की इन्फरन्सच्या, म्हणजे दिलेल्या मजकुरावरून निष्कर्ष काढायच्या प्रश्नात लेखकाच्या मनात काय दडलंय ते ओळखा. नाही हो! इथे मन ओळखायचंच नाहीये, दिलेली वाक्यं खरी धरली तर कुठलं वाक्य खरं असायलाच लागतं एवढंच बघायचं.

समजा, एका फर्ममधले बहुतेक वकील सायकलने येतात आणि तिथल्याच बहुतेक वकिलांना चष्मा आहे. मग सायकलवाल्यांपैकी बहुतेकांना चष्मा असणार, असं पटकन वाटतं ना? पण आकडे घालून बघा, 10 वकील, 6 सायकलवाले, 6 चष्मेवाले, तर दोन्हीत येणारे कमीत कमी 2 निघतात आणि 6 पैकी 2 म्हणजे काही बहुतेक नाहीत. मग पक्कं काय? वकील कितीही असोत, किमान एक तरी सायकलवाला चष्मेवाला आहे, बस्स. इतकं फुसकं की आपण ऑप्शन वाचून पुढे जातो, आणि बरोबर नेमकं तेच असतं.

म्हणून "काही", "असू शकतं" असले मवाळ शब्द दिसले की थांबा, "नेहमी", "फक्त", "सर्वात" दिसलं तर पॅसेजमध्ये तेवढं ठाम वाक्य आहे का ते शोधा (कधीकधी खरंच असतं, डोळे झाकून काट मारू नका).

ऑगस्ट 2024 पासून एलसॅटमधून लॉजिक गेम्स (कोडी सोडवायचा सेक्शन) गेले आणि लॉजिकल रीझनिंगचे (छोटे उतारे वाचून तर्क लावायचे, ज्यात असे इन्फरन्सचे प्रश्न येतात) मार्क धरले जाणारे सेक्शन दोन झाले, त्यामुळे ही सवय आता जास्तच कामाची. सराव करताना नुसतं उत्तर टिक करू नका, पॅसेजमधल्या कुठल्या वाक्यावरून ते आलं त्यावर बोट ठेवा.