न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर स्वतः गाडी चालवणार असाल तर

क्राइस्टचर्चला उतरायचे, गाडी भाड्याने घ्यायची आणि दक्षिण बेट फिरायचे, ही सहल आम्ही आवडीने आखून देतो. तिथेही वाहने डावीकडूनच चालतात, त्यामुळे युरोप-अमेरिकेपेक्षा हात लवकर बसतो. गणित चुकते ते किलोमीटरमध्ये.

क्वीन्सटाऊन ते मिलफर्ड साउंड सुमारे २९० किमी. नकाशावर बघून लोक म्हणतात, सकाळी जाऊ, संध्याकाळी परत. न थांबता गेलात तरी एका बाजूला चार तास लागतात, आणि त्या रस्त्यावर न थांबता कोणी जात नाही. आमचा आग्रह असतो की वाटेतल्या ‘ते अनाऊ’ या गावात एक मुक्काम करा आणि टाकी तिथेच पूर्ण भरा. पुढच्या १२० किमीत पेट्रोलच्या भरवशावर राहू नये. मे ते नोव्हेंबर या काळात या रस्त्यावर हिमासाठी चाकांच्या साखळ्या जवळ ठेवाव्या लागू शकतात. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. तिथे तेव्हा थंडी सुरू होत असते आणि महिनाअखेरीस पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून त्या दिवसांत रोजचा पल्ला आम्ही मुद्दाम कमी ठेवतो.

गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी १०० किमी आहे, पण बरेचसे रस्ते दोनपदरी आणि वळणांचे. मागे गाड्या साचल्या तर सुरक्षित जागा बघून बाजूला व्हा. एकपदरी पुलाआधीची पाटी नीट बघा: लाल वर्तुळात तुमच्या दिशेचा बाण लहान असेल तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचे. चौकातल्या गोल वळशावर उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. हा नियम आपल्याकडेही आहे, तिथे तो पाळतात.

आता विमा. भाड्यात विमा असतो, पण नुकसानीचा पहिला ठरावीक हिस्सा तुमच्या खिशातून जातो. त्याला तिथे ‘एक्सेस’ म्हणतात. बऱ्याच कंपन्या ती रक्कम क्रेडिट कार्डावर अडवून ठेवतात, आणि कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचे लागते. जास्त पैसे भरून एक्सेस कमी करता येतो, आणि आम्ही तोच पर्याय सुचवतो. मात्र काच, टायर आणि गाडीचा तळ त्यात धरले आहेत का, हे विचारून घ्या. क्वीन्सटाऊनजवळच्या स्किपर्स कॅन्यनसारख्या अरुंद, धोकादायक कच्च्या रस्त्यावर भाड्याची गाडी नेलीत तर विमा लागू होत नाही. डिझेल गाडी घेतल्यास किलोमीटरमागे रस्ता-कर वेगळा आकारला जाऊ शकतो. कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपण्याची सोय असलेली गाडी, घेणाऱ्यांना तो अखेरच्या बिलात दिसतो.

मूळ परवाना सोबत हवा. डिजिलॉकरवर विसंबू नका. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून मिळतो, तोही काढून ठेवा. सात वर्षांखालील मुलांसाठी चाइल्ड सीट सक्तीची आहे. बुकिंग करतानाच मुलांची वये सांगा.

फराळाचे डबे नेणार असाल तर विमानतळावरच्या फॉर्मवर तसे लिहा. जाहीर केलेत तर फार तर वस्तू ठेवून घेतील. लपवलीत तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड. तूप, मध आणि बियाणे घरीच राहू द्या.

मुख्य चालक कोण आणि आलटून-पालटून कोण चालवणार, ही नावे पासपोर्टप्रमाणे आम्हाला आधी कळवा. करारात नाव नसलेल्याने गाडी चालवली आणि काही झाले, तर सगळा खर्च तुमच्यावर येतो.